दर पेटीत दोन-तीन

दादांनी देवाला तीन आठवड्यांची मुदत दिली होती. मुदत मूळची डॉक्टरीणबाईंची. त्यांनी पत्रात ‘तीन आठवड्यांत कळवावे’ असं लिहिलं होतं आणि दादांनी ती जशीच्या तशी वर पाठवून दिली होती. दोन आठवडे उलटले, तिसऱ्याचा सोमवार उजाडला, तरी वरून काही कळण्याचं चिन्ह नव्हतं.

दादा म्हणजे चष्मेवाले दादा. दुकान आधी वडिलांचं, मग त्यांचं. पुढे काउंटर, मधे डोळे तपासायची अंधारी खोली, मागे चष्मे बनवायची खोली आणि तिच्या खिडकीखाली लेन्स घासायचं चाक. दादांचं वय एकसष्ट. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घर दुकानाच्या वरच, आणि घरात दुसरं माणूस म्हणजे धाकटी बहीण. तिचं खरं नाव चर्चच्या मंडळीच्या नोंदवहीत असेल तर असेल. सगळे तिला बेबीच म्हणत, आणि बेबी चोपन्न वर्षांची होती. वडिलांच्या आजारपणात तिचं लग्न राहिलं, मग वहिनीच्या आजारपणात बाकीचं सगळं राहिलं. तीस वर्षं ती काउंटरवर बसत होती. फ्रेमचे स्क्रू आवळायचे, नाकावरचे पॅड बदलायचे, गिऱ्हाइकाला ‘हा तुम्हाला शोभतो’ म्हणायचं, असं तिचं काम.

डोंगरापलीकडे मिशनचं डोळ्यांचं इस्पितळ होतं. सकाळची बस धरली तर दुपारी पोचावं इतकं लांब. तिथल्या गोरगरिबांचे चष्मे बारा वर्षं दादांच्या दुकानातून जात. डॉक्टरीणबाई नंबर लिहून पाठवत आणि महिन्याअखेर चाळीस-पन्नास चष्म्यांची लाकडी पेटी बसच्या टपावर चढे. आता बाईंना चष्मे बनवणारं माणूस तिथेच, इस्पितळात हवं होतं. पत्र लहानसं होतं:

‘गेल्या आठ महिन्यांत तुमच्या पेटीतला एकही चष्मा परत करण्याजोगा निघाला नाही. त्याआधी वर्षभर दर पेटीत दोन-तीन चुकीचे निघत, ते आम्ही इथेच कसेबसे निभावून नेत होतो. ज्या हातांनी हे आठ महिन्यांचं काम केलं, ते हात आम्हाला इथे हवे आहेत. प्रार्थना करा आणि तीन आठवड्यांत कळवावे.’

दादांनी हे पत्र प्रार्थनासभेत उभं राहून वाचून दाखवलं. वाचताना मधली ‘दर पेटीत दोन-तीन’वाली ओळ तेवढी गाळली. खोटं एक अक्षर वाचलं नाही, एक ओळ गाळली फक्त. आपलं पत्र असलं म्हणजे आपण सगळेच गाळतो. नंतर घडी घालून त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि रोज शर्ट बदलला तरी पत्र नव्या खिशात जात राहिलं.

या हाकेची ते चाळीस वर्षं वाट बघत होते. एकविसाव्या वर्षी त्यांनी मंडळीत उभं राहून सांगितलं होतं, की मी प्रभूच्या सेवेला दूर कुठेतरी जाणार. ट्रंकसुद्धा भरली होती. तेवढ्यात वडील अंथरुणाला खिळले आणि ट्रंक पलंगाखाली गेली. ती अजून तिथेच होती. त्या ट्रंकेत आता हिवाळ्याची पांघरुणं ठेवत, पण दादांच्या लेखी ती भरलेलीच होती.

एवढं सगळं असताना सरळ ‘येतो’ म्हणून कळवायचं. पण नाही. दादा लहानपणापासून एक गोष्ट शिकले होते: आपल्याला जे हवंहवंसं वाटतं ते देवाचं नसण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे देवाची इच्छा हा त्यांच्या लेखी एक अवघड पेपर होता. त्याला एकच बरोबर उत्तर होतं, ते लपवून ठेवलेलं होतं, आणि चुकलं तर पुन्हा बसायची सोय नव्हती. म्हणून ते चिन्हं मागत सुटले. एका गुरुवारी त्यांनी ठरवलं, आज पहिलं गिऱ्हाईक नवीन चष्म्याला आलं तर जायचं, दुरुस्तीला आलं तर राहायचं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते शेजारच्या केशकर्तनालयाचा पत्ता विचारायला. शुक्रवारी म्हणाले, फोन दहाच्या आत वाजला तर जायचं. वाजला, पण रॉंग नंबर. दादा दुपारपर्यंत विचार करत होते, की रॉंग नंबर धरायचा की नाही.

शेवटी ते पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब वयाने दादांच्या निम्मे आणि त्यांचाही चष्मा दादांच्याच दुकानातला.

“दादा, एक विचारू?” त्यांनी चहा पुढे करत म्हटलं. “तुम्हाला स्वतःला काय हवंय?”

“माझं काय घेऊन बसलात! माझी इच्छा शून्य. त्याची इच्छा तीच माझी.”

“ते झालंच हो. पण तुम्हाला?”

ताकाला जाऊन भांडं लपवायची दादांची सवय जुनी होती. त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला.

“बरं, बेबीताईंना विचारलंत?”

“तिला काय विचारायचं? मी गेलो तर येईल, राहिलो तर राहील. तिचं काही म्हणणं नसतंच कधी.”

“तरी विचारून बघा,” पाळकसाहेब म्हणाले. दादा हो म्हणाले आणि जिना उतरेपर्यंत विसरले.

तर, तिसऱ्या आठवड्याचा सोमवार. येत्या रविवारी मंडळीपुढे निर्णय सांगायचा होता. सकाळीच एक बसड्रायव्हर आला. चांगला आडवातिडवा माणूस, पण चेहरा परीक्षेला आलेल्या पोरासारखा. त्याच्या कंपनीला दरवर्षी डोळ्यांचा दाखला लागे आणि दाखला नाही मिळाला तर गाडी हातातून जायची. दादा दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतले होते, म्हणून तो अंधाऱ्या खोलीच्या दाराशी बाकावर आतलं वाचन ऐकत अर्धा तास बसून राहिला.

त्याची पाळी आली. दादांनी एक डोळा झाकून भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. ड्रायव्हर धडाधड वाचत सुटला. वरचं मोठं ‘घ’ झालं, मधल्या ओळी झाल्या, आणि तळाची मुंगीएवढी अक्षरंही त्याने न अडखळता म्हटली. दादांना शंका आली. त्यांनी हळूच तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती.

“आता दुसरा डोळा. वाचा.”

ड्रायव्हरने तसंच धडाधड वाचलं. पहिल्या बाजूचं.

“ड्रायव्हरसाहेब,” दादा म्हणाले, “तक्ता बदललाय.”

माणूस एवढा मोठा, पण कानापर्यंत लाल झाला. “दादा, पोटाचा प्रश्न आहे हो.”

“अहो, पण मी परीक्षा घेतोय का? इथे पास-नापास नाही. दिसतं ते दिसतं म्हणा, नाही दिसत ते नाही म्हणा. तुम्ही बरोबर उत्तर द्यायला गेलात की माझा नंबर चुकतो, आणि मग तुमच्या नाकावर माझी चूक बसते.”

मग त्यांनी चाचणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली आणि एकेक भिंग बदलत विचारू लागले, “हे बरं की हे? आता, हे की हे?”

“तुम्हाला कुठलं बरं वाटतं?” ड्रायव्हरने विचारलं.

“माझ्या वाटण्याचा काय संबंध? डोळा तुमचा!”

बेबी काउंटरवर बसून हे ऐकत होती. ती तोंडावर रुमाल धरून हसली. पण मग दादा मागच्या खोलीत गेले आणि लेन्सचा नंबर मोजायच्या यंत्राला उजवा डोळा लावून पुटपुटले, “या यंत्राचा बल्ब पुन्हा मंद झालाय वाटतं.” तेव्हा तिचं हसू गेलं. तो बल्ब दादांनी वर्षात दोनदा बदलला होता. जेवण झाल्यावर दादा रोजच्यासारखे वर झोपायला गेले, तेव्हा तिने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं, जाड पेनने त्याच्या मागे काहीतरी काढलं आणि ते गुंडाळून काउंटरखाली ठेवून दिलं.

मंगळवारी बेबीला ताप भरला. चांगला सणसणून. तीन दिवस ती खाली उतरली नाही आणि दादांनी दुकान एकहाती चालवलं. त्याचा त्यांना अभिमानही वाटला. एवढं जमतंय तर डोंगरापलीकडे का नाही जमणार, हे चिन्ह समजायला हरकत नाही, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. ड्रायव्हरचा चष्मा त्यांनी स्वतः घासला, स्वतः बसवला, आणि गुरुवारी संध्याकाळी स्वतः त्याच्या हातात दिला.

शुक्रवारी दुपारी, बेबी गळ्याला मफलर गुंडाळून नुकतीच काउंटरवर येऊन बसली होती, तर ड्रायव्हर दारात. चष्मा डोळ्यांवर नव्हता, हातात होता.

“दादा, रागावू नका. पण हा घातला की पायरी तिरकी दिसते.”

“नवीन चष्म्याचं तसंच असतं. दोन दिवसांत सवय होईल.”

“मीही तेच म्हणत होतो स्वतःला. दादांनी केलाय, दादांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. सकाळी डेपोत गेलो. गाडीत बसलो. समोरच्या फाटकाचे खांब दोन्ही कललेले.” त्याने चष्मा काउंटरवर ठेवला. “मग तुमचंच आठवलं, दिसतं ते सांगा म्हणून. खाली उतरलो आणि साहेबाला सांगितलं, आज गाडी काढत नाही. एक दिवसाचा पगार गेला. पण मागे चाळीस माणसं बसतात हो.”

दादांनी चष्मा उचलला, मागे जाऊन यंत्राखाली धरला आणि उजवा डोळा लावला. “बरोबर तर आहे! नव्वदच्या कोनात हवी होती, नव्वदच्याच कोनात बसलीय लेन्स.”

बेबी उठून आली. तिने दादांना हाताने बाजूला केलं. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं. ती यंत्रावर वाकली.

“सत्तर आहे, दादा,” ती म्हणाली. मग वळून ड्रायव्हरला म्हणाली, “उद्या सकाळी या. मी करून ठेवते.”

ड्रायव्हर दोघांच्या तोंडाकडे बघत, शहाण्या माणसासारखा गुपचूप निघून गेला.

“तू करून ठेवतेस?” दादा म्हणाले. “तू कधीपासून—”

“दादा, खुर्चीत बस.”

“कसल्या खुर्चीत?”

“गिऱ्हाइकाच्या. बस म्हणते ना.”

ते बसले. का बसले ते त्यांनाही कळलं नाही. तीस वर्षांत बेबीने त्यांना कधी ‘बस’ म्हटलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायचा सरावच नव्हता. तिने अंधाऱ्या खोलीचा दिवा लावला आणि त्यांचा डावा डोळा काळ्या झाकणाने झाकला. भिंतीपाशी कागद सळसळला.

“वाच.”

“काय पोरखेळ आहे? मी दर नव्या वर्षाला स्वतःचे डोळे—”

“वाच रे.”

समोर पांढुरकं काहीतरी होतं आणि त्यावर काळसर काहीतरी. दादांनी वाचायला सुरुवात केली. वरचं मोठं ‘घ’. मग दुसरी ओळ, तिसरी. तळाच्या मुंग्यांपर्यंत सगळं म्हटलं, जरा घाईनेच. वाचून झाल्यावर ते थांबले. बेबी ‘हं’ म्हणेल, ‘बरं’ म्हणेल, असं त्यांना वाटलं. ती काहीच बोलली नाही. ती शांतता त्यांनी थोडा वेळ ऐकली आणि मग डाव्या डोळ्यावरचं झाकण काढलं.

भिंतीवर कॅलेंडर लटकत होतं, पाठ पुढे करून. त्यावर बेबीच्या हातची अक्षरं होती. वरचं मोठं अक्षर ‘ज’ होतं. ‘घ’ त्या कागदावर कुठेच नव्हतं.

माणूस पकडला गेला की आधी चिडतो. दादाही चिडले. “माझ्यावर डाव टाकतेस? धाकटी बहीण होऊन?”

“सोमवारीच काढून ठेवलं होतं. धीर होत नव्हता.”

“एक चष्मा चुकला. एक! ताप तुला आला होता, दगदग मला झाली. आठ महिन्यांत एकही—”

“आठ महिने मी बघतेय, दादा.” बेबी भिंतीला टेकली. तापाने तिच्या पायांत अजून जोर नव्हता. “एक बाई चष्मा परत घेऊन आली होती. तू झोपला होतास. मी यंत्रातून पाहिलं तर कोन चुकलेला. मग पेटीत भरून ठेवलेले सगळे बघितले. तीन चुकलेले. मी ते घासले नव्याने. त्यानंतर रोज. तू वर गेलास की मी तपासते, चुकलेले बदलते.”

दुपारी झोपेत दादांना चाकाचा आवाज येई. बेबी चाक पुसते आहे असं समजून ते कूस बदलत.

“आठ महिने मला फसवलंस.”

“हो,” बेबी म्हणाली. तिने सफाई दिली नाही. “तुला वाईट वाटेल म्हणून. तुझा सगळा मान त्या डोळ्यात आहे, दादा. मी रोज देवाला विचारायचे, सांगू का त्याला? रोज उत्तर यायचं, सांग. ते नको होतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.”

दादा हसले असते, पण त्यांना ते फार ओळखीचं वाटलं. दुसऱ्यांदा बल्ब बदलला त्या दिवशी, बल्ब चढवून, झळझळीत उजेडात यंत्राला डोळा लावला तेव्हा सगळं पूर्वीइतकंच धुरकट होतं. त्याच क्षणी त्यांना कळलं होतं. कळलं होतं आणि त्यांनी यंत्रावर कापड टाकलं होतं. त्यानंतर ते गुडघे टेकून देवाला डोंगरापलीकडचं विचारत होते, फोन वाजेल का ते बघत होते, आणि नाकासमोरचं तेवढं विचारत नव्हते. काखेत कळसा म्हणतात तो असा.

“आठ महिने,” ते पुन्हा म्हणाले, पण आता वेगळ्या आवाजात. “आठच ना? नऊ नाही?”

“त्या बाईचा चष्मा आला तेव्हापासून आठ पेट्या गेल्या. मोजून.”

दादांचा हात आपोआप खिशाकडे गेला. त्यांनी पत्र काढलं आणि डाव्या डोळ्याने वाचलं. दोन आठवड्यांत ते शंभर वेळा वाचून झालं होतं. पाठच होतं, आणि पाठ होतं म्हणूनच वाचलं गेलं नव्हतं. वरचं आठ महिन्यांचं कौतुक त्यांनी आपलं धरलं होतं आणि खालचे हात आपले धरले होते. आपली एकच ओळ होती त्या पत्रात, मधली, आणि तीच त्यांनी गाळली होती.

त्यांनी पत्र बेबीकडे दिलं. “वाच. सगळं वाच.”

बेबीने वाचलं. मधेच तिचं बोट थांबलं. “ही ओळ तू सभेत वाचली नव्हतीस.”

“नाही.”

तिने शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. मग तिने कागद खाली घेतला. दादांनी तिच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना लेन्सची पांढरी पूड बसली होती, तीन दिवसांच्या तापानेही न गेलेली. रोज याच हातांनी ती त्यांना वाढत होती, आणि त्यांना ही पूड कधी दिसली नव्हती. आणि डावा डोळा तर चांगला शाबूत होता.

त्यांना रडू आलं. लाज वाटली म्हणून थोडं आणि बाकी सगळं ट्रंकेसाठी. चाळीस वर्षं जी हाक येणार होती ती आली होती, घरात आली होती, पण त्यांना नव्हती. आणि आपण गेलो असतो तर? तिथल्या म्हाताऱ्यांच्या नाकावर कललेले खांब चढवले असते, आणि ‘सवय होईल’ म्हणून त्यांना घरी पाठवलं असतं. ड्रायव्हरने गाडी थांबवली. त्या बिचाऱ्यांनी काय थांबवलं असतं? दादांनी चष्मा काढून डोळे पुसले. बेबीने त्यांना रडू दिलं.

“बेबी,” शेवटी ते म्हणाले, “तुला जायचंय?”

“तुझ्या डोळ्याचं आधी बघायला हवं. मोतीबिंदूच असणार तो. काढला की—”

“माझं राहू दे. तुला काय वाटतं ते सांग.”

“दुकान कोण—”

“बेबी. इथे पास-नापास नाही.”

हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर शोधायला ती आत कुठेतरी लांब गेली असावी, असं वाटलं. पण ते उत्तर अगदी दाराशीच उभं होतं.

“जायचंय,” ती म्हणाली. “तू पत्र वाचलंस त्या दिवसापासून. मला लाज वाटली. म्हटलं, पत्र भावाचं आणि पाय माझे शिवशिवतायत. रोज देवाला म्हणत होते, हे काढ माझ्या मनातून. काढलं नाही त्याने.”

“मग हीच त्याची इच्छा?”

“ते मला काय ठाऊक? पाळकसाहेबांशी बोलेन. दोन दिवस गप्प बसेन. डॉक्टरीणबाईंना खरं काय ते लिहायला हवं, त्या नको म्हणाल्या तर नको.” तिने पत्राची घडी घातली. “आज विचारशील तर आज हे दिसतंय.”

घडी घातलेलं पत्र तिने दादांना परत दिलं. दादांनी ते घेतलं नाही.

रविवारी उपासना संपली आणि पाळकसाहेबांनी दादांना बोलावलं. सगळी मंडळी सरसावून बसली. बऱ्याच जणांनी निरोपाचं भाषण मनात तयार ठेवलं होतं. दादा उभे राहिले, बेबीकडे हात केला आणि तिने आपल्या पिशवीतून पत्र काढून दिलं.

“हे मी तुम्हाला आधी वाचून दाखवलंय,” दादा म्हणाले. “आज पुन्हा वाचतो. मागच्या वेळी एक ओळ राहिली होती.”

त्यांनी पत्र हाताच्या अंतरावर धरलं आणि वाचलं. सावकाश. ‘दर पेटीत दोन-तीन चुकीचे निघत’ हे वाचताना आवाज फाटला, तरी थांबले नाहीत. पूर्ण वाचून झाल्यावर ते म्हणाले, “ते दोन-तीन माझे. माझा उजवा डोळा गेलाय आणि मी ते कोणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. नंतरचे आठ महिने हिचे. पत्र हिचं आहे. मी चुकून उघडलं.”

बेबी मान खाली घालून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते. मागच्या बाकावरच्या एका आजींनी, ज्यांना कमी ऐकू येई आणि म्हणून ज्या फार मोठ्याने बोलत, विचारलं, “म्हणजे बेबी जाणार होय? मग दादा, तुमच्याबद्दल काय? देवाची इच्छा काही कळली का?”

“कळली,” दादा म्हणाले. “मोतीबिंदू काढून घ्यायचा.”

सगळी मंडळी हसली, पाळकसाहेबही हसले, आणि त्या हसण्यात दादा खाली बसले. बसताना त्यांचा पाय बाकाला अडखळला, उजव्या बाजूला. बेबीने दंड धरून त्यांना सावरलं आणि सोडला नाही.

“ट्रंकेतली पांघरुणं आज काढून ठेवतो,” ते तिच्या कानाशी म्हणाले. “ट्रंक तुला लागेल.”